न बांधलेल्या बोटी

'मोंटाना' नावाची बॅटलशिप जगातल्या कुठल्याही समुद्रात कधी तरंगली नाही, पण आमचा नातू ती रोज संध्याकाळी अभ्यास झाल्यावर (म्हणजे झाला असं आईला सांगितल्यावर) कॉम्प्युटरवर तासभर चालवतो. मी मागे खुर्ची टाकून बसतो. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण छत्तीस वर्षं इतिहास शिकवल्याने नाव दिसलं की सन शोधायची खोड जडली आहे, आणि ह्या बोटीचं सन शोधायला गेलो तर कळलं की सन नाहीच. ही बोट कागदावर होती. कागदावरच राहिली.

त्यानंतर दोन-तीन महिने मी ह्याच विषयावर मिळेल ते वाचत बसलो. इंग्रजी वाचायला मला अजून वेळ लागतो, शेजारी डिक्शनरी लागते; पण निवृत्त माणसाकडे दुसरं काही नसलं तरी वेळ असतो. युद्धाच्या धामधुमीत आखलेल्या आणि कधीच न बांधलेल्या युद्धनौकांचा एक मोठा गोतावळाच आहे, आणि त्यांचे चाहतेही पुष्कळ. ह्या चाहत्यांच्या लिहिण्यात एक हळहळ असते. बांधली असती तर काय बोट झाली असती! लग्न मोडलेल्या मुलीच्या रूपाचं कौतुक करावं तसा सूर. मला ही हळहळ पटत नाही. ह्या बोटी बांधल्या नाहीत हीच त्यांची खरी गोष्ट आहे, आणि कुणी कसं थांबवलं ते पाहण्यात जास्त मौज आहे, असं माझं मत झालं आहे. ते का झालं ते सांगतो.

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत आपण सगळ्यांनाच 'युद्धनौका' म्हणतो. पण बॅटलशिप म्हणजे सर्वात जाड चिलखताची आणि सर्वात मोठ्या तोफांची नौका. त्या काळी देशाची पत तिच्यावर मोजत. म्हणून तो शब्द तसाच ठेवतो.

मोंटाना आणि तिच्या चार बहिणी (ओहायो, मेन, न्यू हॅम्पशायर आणि लुइझियाना) ह्यांना १९ जुलै १९४० च्या कायद्याने मंजुरी मिळाली. फ्रान्स नुकताच पडला होता आणि अमेरिका धास्तावली होती. सोळा इंची बारा तोफा, ९२१ फूट लांबी, १२१ फूट रुंदी. पनामा कालव्याच्या दरवाजांची रुंदी ११० फूट. म्हणजे बोट कालव्यातून जाणारच नव्हती! त्यासाठी कालव्याला आणखी रुंद दरवाजे करायचं काम काढलं होतं. बोटीसाठी कालवा रुंद करायचा, ही गोष्ट वाचून मला आमच्या गावातलं एक कपाट आठवलं, ज्याच्यासाठी दाराची चौकट काढावी लागली होती. असो. १९४२ साली कालव्याचं काम थांबलं, बोटींचंही थांबलं, आणि २१ जुलै १९४३ रोजी पाचही बोटी रद्द झाल्या. मंजुरीपासून तीन वर्षं आणि दोन दिवस. एकीचाही कणा गोदीत मांडला गेला नव्हता. कालव्याच्या खोदाईचा काही भाग मात्र २०१६ साली खुल्या झालेल्या नव्या रुंद मार्गाच्या कामी आला.

मधल्या काळात काय झालं होतं? १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी मलायाच्या किनाऱ्यालगत 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ह्या दोन मोठ्या ब्रिटिश नौका भर समुद्रात बुडवल्या. जून १९४२ मध्ये मिडवेची लढाई विमानवाहू नौकांनी लढली आणि दोन्हीकडच्या आरमारांनी एकमेकांना डोळ्यांनी पाहिलंही नाही. अमेरिकेने आपल्या नकाशांवरून नजर उचलली आणि बाहेर पाहिलं, एवढंच. पोलाद किती आहे, गोद्या किती मोकळ्या आहेत आणि लढाई आता कशाने जिंकली जाते, ह्यांचा हिशोब केला. मोंटानाच्या आराखड्यात खोट निघाली म्हणून ती रद्द झाली नाही. आराखडा उत्तमच होता म्हणतात.

ब्रिटिशांनी तर हे आणखी लवकर केलं. 'टेमरेअर' आणि 'लायन' ह्या दोन बॅटलशिपांचे कणे १९३९ च्या जून-जुलैत मांडले गेले. सप्टेंबरमध्ये युद्ध पेटलं आणि ऑक्टोबरमध्ये काम थांबवलं. म्हणजे ज्या युद्धासाठी बोटी आखल्या ते सुरू झाल्याबरोबर बोटींना सुट्टी! पहिल्यांदा वाचताना हे मला विनोदी वाटलं. पण ब्रिटन बेट आहे. धान्य, तेल, लोखंड सगळं समुद्रावरून यायचं, आणि पाणबुड्या ते वाटेत गाठणार हे पहिल्या युद्धातच कळलेलं होतं. मग पोलाद आणि कामगार मालवाहू बोटींकडे आणि त्यांच्या राखणदार बोटींकडे वळवले.

ह्या राखणदार बोटींवर माझा जीव जडला. त्यांना कॉर्व्हेट म्हणत. देवमासे पकडायच्या बोटीच्या आराखड्यावरून काढलेल्या, हजारेक टनांच्या, साध्या गोदीतही बांधता येतील अशा. अटलांटिकच्या लाटांवर इतक्या हेलकावत की जुने खलाशीही ओकून बेजार होत. आणि नावं सगळी फुलांची! एकीचं नाव 'मॅरिगोल्ड', म्हणजे आपला झेंडू. ह्या झेंडूने नोव्हेंबर १९४१ मध्ये एक जर्मन पाणबुडी बुडवली आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ती स्वतः बुडाली. 'चारलॉक' नावाची एक, म्हणजे रानमोहरी, युद्धानंतर १९४६ साली आपल्याकडच्या रॉयल इंडियन नेव्हीत आली आणि तिचं नाव 'महरट्टा' ठेवलं गेलं. अशा अडीचशेहून अधिक फुलं त्या युद्धात तरंगली. लायनची चित्रं काढणारे पुष्कळ आहेत, झेंडूचं चित्र कुणी काढत नाही.

आता जर्मनीकडे वळू, कारण थांबता न येणं कसं असतं ते तिथे दिसतं. जानेवारी १९३९ मध्ये हिटलरने आरमाराच्या प्रचंड वाढीची योजना मंजूर केली. तिच्यात 'एच' नावाच्या सहा बॅटलशिप होत्या. पहिलीचा कणा १५ जुलै १९३९ ला हँबुर्गमध्ये मांडला, दुसरीचा १ सप्टेंबरला ब्रेमेनमध्ये. तारीख पाहा, त्याच पहाटे पोलंडवर हल्ला झाला. इथेही काम लवकरच थांबलं. इथपर्यंत जर्मन आणि ब्रिटिश सारखेच शहाणे. पण कागदावरचं काम थांबलं नाही. आराखडे वर्षागणिक निघत राहिले, एच-४१, एच-४२, एच-४३, एच-४४, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. मे १९४१ मध्ये 'बिस्मार्क' बुडाली, दोन हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातून धडा काय घेतला? तर चिलखत आणखी जाड हवं. चिलखत जाड केलं की वजन वाढतं, वजन वाढलं की बोट लांब होते, लांब झाली की झाकायला आणखी चिलखत. शेवटचा एच-४४ हा आराखडा ३४५ मीटर लांब आणि एक लाख तीस हजार टनांच्या घरातला होता. म्हणजे बिस्मार्कच्या तिप्पट. त्यावरच्या तोफांचं तोंड पन्नास सेंटिमीटरहून मोठं.

हे कधी? १९४४ साली. हँबुर्ग १९४३ च्या जुलैत बेचिराख झालं होतं. त्याच वर्षीच्या सुरुवातीला, एका फसलेल्या मोहिमेनंतर, हिटलरने चिडून मोठ्या नौका मोडीत काढायला सांगितलं होतं आणि आरमारप्रमुख रेडर ह्याने त्यावरून राजीनामा दिला होता. आणि १२ नोव्हेंबर १९४४ ला बिस्मार्कची बहीण 'टिर्पिट्झ' नॉर्वेच्या खाडीत नांगरलेली असताना ब्रिटिश विमानांनी पाच-पाच टनांचे बॉम्ब टाकून उलथवली.

जाणकार म्हणतात की हे शेवटचे आराखडे बांधण्यासाठी नव्हतेच, ते नुसते अभ्यास होते. असतील. माझी हरकत निराळीच आहे. अभ्यास कुठल्या प्रश्नाचा? बॉम्ब सोसायला किती जाड चिलखत लागेल, ह्याचं गणित त्यांनी चोख सोडवलं. ह्या बोटीने करायचं काय आणि ती असल्या-नसल्याने कोणाला फरक पडेल, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत कुठेच दिसत नाही. परीक्षेत अशी मुलं मी पाहिली आहेत. रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, फक्त प्रश्न भलताच. त्यांना गुण देताना हात आखडतो. जिथे वरिष्ठाला 'कशाला?' असं विचारायची सोय नसते तिथे हुशार माणसं 'किती?' एवढंच विचारत बसतात आणि कागदावर बोटी फुगत जातात. आपल्याकडे स्नेहसंमेलनाची वर्गणी एकदा गोळा झाली की मांडव लहान करा म्हणायची कुणाची छाती होत नाही, तोच प्रकार. फक्त तिथे मागे हुकूमशहा होता.

पहिल्या एच बोटींसाठी बनवलेल्या तोफा वाया गेल्या नाहीत. काही नॉर्वेत ट्रॉन्डेनेसच्या किनाऱ्यावर बसवल्या, त्या अजून तिथे आहेत आणि लोक तिकीट काढून पाहायला जातात. तीन फ्रान्समध्ये कॅलेजवळ इंग्लंडकडे तोंड करून बसवल्या होत्या. खाडीखालचा बोगदा खणताना निघालेल्या मातीखाली त्या जागेवरचे काँक्रिटचे कोट पुढे गाडले गेले.

जपानने मात्र मोठ्या बोटी खरोखरच बांधल्या. 'यामातो' आणि 'मुसाशी', जगात बांधल्या गेलेल्या सर्वात मोठ्या बॅटलशिप. त्यांच्याहूनही मोठ्या, ५१ सेंटिमीटरच्या तोफांच्या दोन बोटी आखल्या होत्या. युद्ध आल्यावर तो बेत बाजूला पडला, आणि पराभवाच्या वेळी जपान्यांनी बहुतेक कागद जाळून टाकल्याने ती बोट नक्की कशी दिसली असती हे कुणालाच सांगता येत नाही. बांधलेल्या दोघींचं काय झालं? मुसाशी ऑक्टोबर १९४४ मध्ये विमानांनी बुडवली. यामातो ७ एप्रिल १९४५ ला, तीन हजारांच्या आसपास माणसांसकट. तिसऱ्या बहिणीचा सांगाडा तयार होता, तो मोडवेना, म्हणून तिची विमानवाहू नौका केली. ती 'शिनानो'. १९ नोव्हेंबर १९४४ ला आरमारात दाखल झाली आणि दहाव्या दिवशी एका अमेरिकन पाणबुडीने बुडवली. चौथीचं काम तीसेक टक्क्यांवर थांबवून पोलाद दुसरीकडे वापरलं. तिला नावसुद्धा मिळालं नव्हतं. त्या चौथीवर जे खलाशी गेले असते ते दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवर गेलेच असतील, तेव्हा त्यांचा जीव वाचला असं मी म्हणत नाही. पण चौघींपैकी जिच्याबरोबर कुणी बुडालं नाही अशी ती एकटीच.

आता ज्या बोटीला सगळे हसतात तिच्याकडे येतो. बर्फाची बोट. तिचं नाव 'हबाकुक', बायबलमधल्या एका संदेष्ट्यावरून. ही कल्पना जेफ्री पाइक नावाच्या इंग्रजाची. ह्या गृहस्थाबद्दल शिक्षक म्हणून थोडं सांगायलाच हवं. पहिल्या महायुद्धात हा पत्रकार म्हणून जर्मनीत घुसला, पकडला गेला, छावणीतून पळून आला. १९२४ साली त्याने केंब्रिजमध्ये लहान मुलांची शाळा काढली, कारण आपल्या मुलाला आपण भोगलेली शाळा भोगायला लागू नये. शिक्षा नाही, घोकंपट्टी नाही, मुलांनी प्रश्न विचारायचे आणि उत्तर स्वतः करून पाहायचं. शाळेचा खर्च हा धातूंच्या सट्ट्यावर चालवत होता. सट्टा बुडाला आणि १९२९ ला शाळा बंद पडली. मी त्याच्या हाताखाली नोकरी केली नसती. पगार वेळेवर झाला नसता. पण त्या शाळेत विद्यार्थी म्हणून जायला मला आवडलं असतं.

१९४२ साली पाइक माउंटबॅटन ह्यांच्या कचेरीत होता. होय, तेच आपले शेवटचे व्हाइसरॉय, तेव्हा ते कमांडो मोहिमांचे प्रमुख होते. अडचण अशी होती की अटलांटिकच्या मध्यावर किनाऱ्यावरची विमानं पोचत नव्हती, आणि नेमक्या त्या पट्ट्यात पाणबुड्या बोटी टिपत होत्या. पाइकने दोनशेहून अधिक पानांचं टिपण पाठवलं, की तिथे बर्फाचं तरंगतं विमानतळ करा. बर्फ बुडत नाही आणि पोलाद खात नाही. नुसता बर्फ ठिसूळ असतो, पण त्यात शेकडा चौदा भाग लाकडाचा लगदा कालवला की तो कमालीचा चिवट होतो. आपल्याकडे भिंतीच्या मातीत भुसा कालवतात, त्यातलीच रीत. ह्याला पाइकच्या नावावरून 'पाइक्रीट' म्हणू लागले. बोट किती मोठी? दोन हजार फूट लांब, चाळीस फूट जाडीच्या भिंती, वजन वीस लाख टनांच्या पुढे. हिच्यापुढे जर्मनांची एच-४४ म्हणजे होडकं.

ऐकायला वेडेपणा आहे. पण ह्या वेडेपणाला कसं वागवलं ते पाहा. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरातल्या शीतगृहात, टांगलेल्या मांसाच्या आडोशाला मॅक्स पेरुट्झ नावाच्या शास्त्रज्ञाकडून बर्फाच्या लाद्या तपासून घेतल्या. हा मूळचा व्हिएन्नाचा. १९४० साली ब्रिटिशांनीच त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पकडून कॅनडात स्थानबद्ध केलं होतं! त्याने दाखवून दिलं की पाइक्रीट गोळी सोसतं, पण स्वतःच्याच वजनाने हळूहळू खचतं. टिकवायचं तर शून्याखाली पंधरा अंशांवर सतत गार ठेवावं लागेल. म्हणजे बोटभर नळ्या आणि थंडाव्याची यंत्रं, म्हणजे पोलाद आलंच. आणि एवढ्या धुडाला सुकाणू कसं लावायचं हे शेवटपर्यंत कुणाला सुटलं नाही. कॅनडात पॅट्रिशिया नावाच्या तळ्यावर १९४३ मध्ये साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद नमुना केला. हजार टनांचा तो ठोकळा एका अश्वशक्तीच्या यंत्राने गार राहिला. आमच्या विहिरीवरचा पंप ह्याहून मोठा होता.

ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेकच्या परिषदेत माउंटबॅटन ह्यांनी सेनापतींसमोर दोन ठोकळे मांडले आणि पिस्तूल झाडलं. साध्या बर्फाचा चुरा झाला. पाइक्रीटवरून गोळी उडाली आणि अमेरिकन ॲडमिरल किंग ह्यांच्या पँटला चाटून गेली असं सांगतात. मिठाचा खडा घेऊन वाचा.

मग काय घडलं? बोट रद्द झाली, पण ती वेडगळ होती म्हणून नव्हे. तोपर्यंत पोर्तुगालने अझोर्स बेटांवर विमानतळ वापरू दिले होते. लिबरेटर विमानांत जास्त इंधन भरून ती मध्यापर्यंत पोचू लागली होती. लहान विमानवाहू नौका अमेरिकेत धडाधड तयार होत होत्या; एकट्या कायझरच्या व्हँकूव्हरच्या गोदीतून वर्षभरात पन्नास निघाल्या. मे १९४३ मध्ये जर्मनांच्या चाळीसच्या वर पाणबुड्या बुडाल्या आणि डोनित्झने त्या अटलांटिकच्या मध्यातून मागे घेतल्या. ज्या अडचणीसाठी बर्फाची बोट काढली होती ती अडचणच उरली नाही. तेव्हा प्रयोग आटोपता घेतला.

माझ्या मते सगळ्या न बांधलेल्या बोटींत सर्वात शहाणपणाने हाताळलेली बोट ही. एका विक्षिप्त माणसाची कल्पना, पण ती हसण्यावारी नेली नाही. आधी अडचण काय ते पक्कं ठाऊक होतं, मग तळ्यावर स्वस्तात करून पाहिलं, मोजमापं लिहून ठेवली आणि अडचण सरल्यावर सोडून दिली. एच-४४ आखणारे सगळे शिकलेसवरलेले, पदावरचे, गणितात पक्के. वेडा कोण म्हणायचा?

कुणी म्हणेल, गुरुजी, थांबवण्याचं एवढं कौतुक केलं तर जगात काहीच उभं राहणार नाही. तसं नाही. टाइन नदीवरच्या न्यूकॅसलमध्ये ज्या विकर्स कंपनीने लायनचा कणा मांडला आणि सोडून दिला, तिच्याचकडे तिथेच १९४३ साली एका साध्या, हलक्या विमानवाहू नौकेचं काम सुरू झालं. 'हर्क्युलीस' तिचं नाव. मालवाहू बोटींच्या पद्धतीने बांधायची, लवकर आणि कमी खर्चात. युद्ध संपलं, १९४६ मध्ये तिचंही काम थांबलं, आणि पाऊण तयार झालेली ती तशीच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती घेतली, बेलफास्टमध्ये पुरी करून घेतली आणि १९६१ मध्ये 'विक्रांत' म्हणून आपल्या नौदलात आली. १९७१ साली तिच्यावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले ते आमच्या पिढीने रेडिओवर ऐकलं आहे. मुंबईला ती संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा मी नववीच्या मुलांची सहल घेऊन गेलो होतो. एका मुलीने विचारलं, "सर, पाऊण बोट कशी विकत घेतात?" उत्तर असं की ज्याला खरोखर गरज असते तो घेतो. लायन पाऊण झाली असती तरी तिला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

पाइकने १९४८ च्या फेब्रुवारीत आत्महत्या केली. पेरुट्झला १९६२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, रक्तातल्या हिमोग्लोबिनची रचना उलगडल्याबद्दल. पॅट्रिशिया तळ्यावरची यंत्रं काढून नेली आणि ठोकळा विरघळायला सोडून दिला. त्याच्या नळ्या आणि लाकडं अजून तळाशी आहेत, पाणबुडे जाऊन पाहतात. तो नमुना बांधणारे मजूर म्हणजे धर्माने शस्त्र धरायची मनाई असल्याने सैन्यात जायला नकार दिलेली कॅनडातली माणसं होती. आपण काय बांधतोय हे त्यांना सांगितलंच नव्हतं.